बाजूला व्हा, वारा येऊ द्या!

मराठी माणूस दुसऱ्याच्या मदतीला धावत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास डोंबिवली स्टेशनबाहेर चक्कर येऊन पडून दाखवावं. अर्ध्या मिनिटात भोवती रिंगण तयार होतं. पहिल्या रांगेतला गृहस्थ दोन्ही हात पसरून ओरडतो, "बाजूला व्हा, वारा येऊ द्या!" आणि स्वतः मात्र वारा जिथून यायचा नेमका तिथेच उभा राहतो. दुसरा कांदा मागतो. तिसरा कांद्याची वाट न पाहता पायातली चप्पल काढून पडलेल्याच्या नाकाशी नेतो. चौथा म्हणतो, "शुगर खाली गेली असणार, साखर चारा." पाचवा म्हणतो, "वर गेली असणार, साखर अजिबात नको." मग त्या दोघांत मधुमेहावर परिसंवाद सुरू होतो. एक बाई बाटलीतलं पाणी तोंडावर शिंपडतात, दुसऱ्या बाई तेच पाणी तोंडात ओतायला सांगतात. मागच्या रांगेला काही दिसत नाही म्हणून ती मोबाइल उंच धरून चित्रीकरण करते आणि नेमकं काय झालं होतं ते घरी गेल्यावर बघते. एवढं सगळं चालू असताना एकच गोष्ट कुणी केलेली नसते. पडलेला माणूस श्वास घेतोय का, हे कुणी पाहिलेलं नसतं.

आपल्याकडे कळकळीचा तुटवडा कधीच नव्हता. सल्ल्याचा तर अजिबातच नाही. तुटवडा आहे तो काय करायचं ते ठाऊक असलेल्या दोन हातांचा.

तसं प्रत्येक मराठी घरात एक स्वतंत्र प्रथमोपचारशास्त्र असतं आणि ते आजीकडून नातवंडांकडे आपोआप येतं. उन्हाळ्यात पोराचा घोळणा फुटला की घरातलं पहिलं माणूस त्याचं डोकं मागे करतं, दुसरं टाळूवर पाणी थापतं आणि तिसरं कांदा फोडतं. डोकं मागे केल्यानं रक्त थांबत नाही. ते फक्त दिसायचं थांबतं आणि घशातून पोटात जातं. डॉक्टर सांगतात, पोराला बसवा, किंचित पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं घट्ट धरा. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. मध्येच "थांबलं का बघू" म्हणून चिमूट सोडायची नाही. ही शेवटची अट कुठल्याही आजीला मान्य होण्यासारखी नाही.

जेवताना ठसका लागला की आपला उपचार ठरलेला, "वर बघ, वर बघ!" आणि त्यापाठोपाठ निदान, "कोणीतरी आठवण काढतंय." आठवण काढणाऱ्याची नावं घ्यायला सुरुवात होते, त्यात माहेर-सासर असा वाद निघतो. खोकता येत असेल तोवर हे सगळं चालू शकतं, कारण खोकणं हाच तेव्हा उत्तम उपाय असतो. पण घास अडकून आवाजच फुटेना, खोकताही येईना आणि माणसाचा हात गळ्याशी गेला, तर आठवण कुणी काढली याचा शोध नंतर घ्यावा. आधी त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार फटके द्यावेत. तेवढ्यानं घास सुटला नाही तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून, आत आणि वरच्या दिशेनं पाच झटके. तरीही नाहीच, तर पुन्हा फटके, पुन्हा झटके. झटक्यांची ही पद्धत हेन्री हाइमलिक या अमेरिकन शल्यविशारदानं १९७४ साली मांडली. २०१६ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, वृद्धाश्रमाच्या जेवणघरात शेजारी बसलेल्या ८७ वर्षांच्या बाईंच्या घशात घास अडकला, तेव्हा या गृहस्थानं उठून स्वतःच्याच नावाची युक्ती स्वतः वापरली आणि बाई वाचल्या. आपल्याकडे ९६ व्या वर्षी पंगतीत मीठ कमी आहे एवढं सांगता आलं तरी कौतुक होतं.

भाजल्यावर कुणी टूथपेस्ट लावतं, कुणी हळद, कुणी तूप. एकेकाळी शाईसुद्धा लावत. थोडक्यात, त्या क्षणी जे हाताशी असेल ते औषध. खरा उपाय त्याहून हाताशी आहे. भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरायचा. बर्फ नाही, पेस्ट नाही, फोड फोडणं तर नाहीच. हे आमच्या सोसायटीत सांगितलं तेव्हा बायकांमधून एकच प्रश्न आला, "वीस मिनिटं नळ चालू? आणि पाणी किती वेळ येतं माहितीये का?" त्यामुळे आमच्याकडे भाजायचं असेल तर सकाळी सहा ते सातच्या दरम्यान भाजावं, असं अनौपचारिकरीत्या ठरलं आहे.

उसण भरली तर पायाळू माणूस शोधायचा. जो जन्मताना पायाकडून आला, त्याचा पाय पाठीला लागला की उसण पळते, ही आपली श्रद्धा. लहानपणी आमच्या आळीत असे एक काका होते. ते दूध आणायला निघाले की वाटेत दोघं-तिघं पाठ करून उभे असत. साध्या उसणीला पायाळूची लाथ लागून फार बिघडत नाही, कारण ती तशीही दोन-चार दिवसांत बरी होणार असते आणि श्रेय काकांना मिळतं. पण उंचावरून पडून ज्याची मान किंवा मणका दुखावला असेल, त्याला पायाळूनं, मिश्यावाल्यानं किंवा "मी बरोबर उचलतो" म्हणणाऱ्या पैलवानानं, कुणीच हलवू नये.

सापाच्या बाबतीत आपण आणखी पुढे जातो. वर करकचून बांधायचं, चिरायचं, चोखायचं आणि मारुतीच्या देवळात नेऊन ठेवायचं. या चारही गोष्टी केल्यावर वेळ उरला तर दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांपैकी कुणाचंही विष मंत्राला घाबरत नाही. ते फक्त प्रतिविषाला मानतं आणि प्रतिविष दवाखान्यात असतं. चावलेला अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर तिथे पोचवणं, एवढंच आपलं काम. साप पिशवीत घालून बरोबर नेऊ नये. डॉक्टरांना रुग्ण तपासायचा असतो, आणि पिशवीतून निघालेला साप आणखी रुग्ण तयार करू शकतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं पूर्वी पुष्कळ माणसं जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि असंख्य जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकांपैकी कुणाला ती मिळाल्याचं ऐकिवात नाही.

पण या सगळ्यांवर कडी करणारा आजार म्हणजे गॅस. मराठी माणसाला हार्ट अटॅक येत नाही, त्याला गॅस होतो. छातीत मध्यभागी कुणी दगड ठेवल्यासारखं दाबलं, डावा हात आणि जबडा दुखू लागला, घाम फुटला, तरी तो म्हणतो, "काल ते वालाचं बिरडं जरा जास्त झालं." मग ओवा येतो, सोडा येतो, हिंग लावून होतं, बायको पाठ चोळते. दोन तासांनी दवाखान्यात जायचं ठरलं की तो आधी दाढी करतो, कारण डॉक्टरांसमोर तसं जाणं बरं दिसत नाही. मग तीन मजले उतरतो, स्कूटरला स्वतः किक मारतो आणि वाटेत पेट्रोल भरून घेतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असताना इतकी कामं उरकणारा समाज जगात दुसरा नसेल. यातल्या काहींचं हृदय पुढे अचानक बंदच पडतं. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाचा रक्तपुरवठा तुंबणं आणि कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपिंगच थांबणं. पहिल्यात माणूस तुमच्याशी बोलत असतो, दुसऱ्यात तो कोसळतो. आणि कोसळल्यावर मेंदूला रक्त मिळालं नाही, तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला लागते. तेवढ्या वेळात आमच्या सोसायटीची लिफ्ट तळमजल्यावरून वर येते.

अशी पार्श्वभूमी असल्यानं सोसायटीत प्रथमोपचार आणि सीपीआरचा, म्हणजे थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याचा, वर्ग ठेवायचं ठरलं. नोटीस बोर्डावर "जीव वाचवायला शिका" असं लिहिलं, तेव्हा चार नावं आली. खाली "वडापाव व चहाची सोय आहे" ही ओळ घातल्यावर हॉल भरला. शिकवायला एक तरुण भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाई आल्या. "भूल देऊन शिकवणार का?" हा विनोद दारातच तिघांनी स्वतंत्रपणे केला आणि बाई तिन्ही वेळा हसल्या. रुग्णसेवेला लागणारी सहनशक्ती तिथेच दिसली.

बाईंनी आधी सोसायटीची प्रथमोपचार पेटी बघायला मागितली. पेटी होती. तिला कुलूपही होतं. किल्ली सेक्रेटरींकडे होती आणि सेक्रेटरी मुलाकडे न्यू जर्सीला होते. व्हिडिओ कॉलवर त्यांनी किल्ली दुसऱ्या कपाटात असल्याचं सांगितलं, ज्याची किल्ली खजिनदारांकडे होती. अखेर उघडलेल्या पेटीत निघालं ते असं: गच्चीच्या दाराची जुनी कडी, गणेशोत्सवाचं पावतीपुस्तक, गंजलेली कात्री, एक बँडेज आणि गोळ्यांची एक पट्टी. ती पट्टी अशी बेतानं कापलेली होती की औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख दोन्ही कापून टाकलेल्या भागात गेली होती. "त्या पित्ताच्या असतील," कुणीतरी म्हणालं. "नाही, पिवळ्या म्हणजे तापाच्या," दुसरा म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी पेटी अलगद बंद केली. १९४८ च्या कारखाने कायद्यानं दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी ठेवणं बंधनकारक केलं होतं, असं एका निवृत्त कामगार अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्या पेट्यांच्या किल्ल्या कुणाकडे असतात, याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

मग बाईंनी मोठ्या बॅगेतून एक बाहुली काढून सतरंजीवर ठेवली. कमरेपासून वरचीच. पहिल्या रांगेतल्या आजींनी चष्मा सावरून पाहिलं आणि विचारलं, "अगं बाई, हिचे पाय कुठे गेले?" सरावाची बाहुली अर्धीच असते, असं बाईंनी सांगितलं. आजींचं समाधान झालं नाही. "पाय गेलेत आणि तुम्ही छाती दाबताय!" त्या शेजारणीला म्हणाल्या.

या बाहुलीची कुळकथा मात्र ऐकण्याजोगी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ऑसमुंड लार्डल नावाचा नॉर्वेतला एक खेळणी बनवणारा होता. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या आणि मोटारी हा त्याचा धंदा. श्वास देऊन जीव वाचवण्याची पद्धत तेव्हा नुकतीच सिद्ध होत होती आणि ती शिकवायला एक माणसाएवढी बाहुली हवी, असं डॉक्टरांनी त्याला सुचवलं. तिला चेहरा कुणाचा द्यावा? त्याला एक जुना मुखवटा आठवला. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीचा तो मुखवटा, अशी आख्यायिका होती आणि युरोपात कित्येक घरांच्या भिंतींवर तो शोभेला टांगलेला असे. तोच चेहरा घेऊन १९६० साली 'ॲन' बाहुली आली आणि त्यानंतर जगभर लक्षावधी लोकांनी तिच्या ओठांना ओठ लावून तिला वाचवण्याचा सराव केला. ही गोष्ट सांगून झाल्यावर हॉलमध्ये क्षणभर सगळे गंभीर झाले. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "पण मग ती पुसता तरी का नीट?"

छाती दाबण्याची पद्धतही त्याच १९६० सालची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवन नावाचे प्राध्यापक हृदयाला विजेचा झटका देण्याचं यंत्र तयार करत होते. ते डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. कुत्र्यांवर प्रयोग चालू असताना त्यांचे सहकारी निकरबॉकर यांच्या लक्षात आलं की यंत्राच्या जड पट्ट्या छातीवर दाबल्या की वीज सोडायच्या आधीच रक्तदाब किंचित वर जातो. म्हणजे नुसत्या दाबानंही रक्त हलतं! शल्यचिकित्सक ज्यूड यांना बरोबर घेऊन त्यांनी ते सिद्ध केलं. तोवर हृदय बंद पडलं तर छाती फाडून हातानं हृदय दाबावं लागे, आणि ते काही सोसायटीच्या हॉलमध्ये शिकवता आलं नसतं. आमच्याकडचे एक विद्युत अभियंता काका हे ऐकून इतके खूश झाले की दिवसभर डॉक्टरांकडे जरा वरूनच पाहत होते.

आपल्याच आजीबाईंच्या बटव्याला हसायचं कारण नाही, हेही बाईंनी इतिहासातून दाखवलं. १७६७ साली ॲम्स्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली, १७७४ साली लंडनमध्ये दुसरी. तेव्हाच्या युरोपातल्या थोर डॉक्टरांचा एक मान्यताप्राप्त उपचार असा, की बुडालेल्याला पालथं घालून भात्यानं त्याच्या गुदद्वारातून तंबाखूचा धूर आत सोडायचा. त्यासाठीचे संच थेम्सच्या काठी सज्ज ठेवलेले असत. हे कळल्यावर चप्पल हुंगवणाऱ्या आपल्या पूर्वजांबद्दल मला आदर वाटू लागला. त्यांनी निदान दिशा तरी बरोबर निवडली होती.

मग प्रत्यक्ष शिकणं सुरू झालं. पहिला नियम, आजूबाजूला धोका नाही ना ते बघा, विजेची तार, वाहतूक, गॅस. दुसरा, खांद्यावर थोपटून मोठ्यानं हाक मारा. इथे वर्ग अडला. बाहुलीला काय म्हणून हाक मारायची? "ताई", "मॅडम", "अहो बाई", अशा सूचना आल्या. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी बाहुलीचे खांदे हलवत "अहो! अहो! ऐकलंत का?" अशी हाक मारली आणि मागच्या रांगेतून त्यांचे यजमान दचकून उभे राहिले. निवृत्त बँक मॅनेजर काका बाहुलीशेजारी गुडघे टेकायला गेले, तेव्हा त्यांचा पाय तिला लागला. त्यांनी लगेच तिला हात लावून नमस्कार केला. संस्कार असे असतात. मेंदू मरायला सुरुवात झाली तरी नमस्कार आधी.

तिसरा नियम, श्वास बघा, दहा सेकंदांच्या आत. आणि नीट बघा. कारण हृदय थांबल्यावरही काही जण थोडा वेळ मासा पाण्याबाहेर आल्यावर करतो तसे आचके देतात, कधी घोरल्यासारखा आवाज येतो. तो श्वास नव्हे. "म्हणजे घोरत असला तरी?" एका काकूंनी काळजीनं विचारलं. "हलवूनही जागा होत नसेल आणि नेहमीसारखा श्वास नसेल तर, हो." काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्या रात्री त्याच्या छातीचं काय होणार, याची आम्हा सर्वांना चिंता लागली.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. "कोणीतरी फोन करा" असं ओरडायचं नाही. घोळक्यात प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्यानं केलाच असेल. एका माणसाकडे बोट दाखवा आणि सांगा, "निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन करा आणि मला येऊन सांगा." आमच्या सोसायटीला हे लगेच पटलं. गच्चीची टाकी साफ करणं, सोसायटीची थकबाकी मागणं आणि गटाराचं झाकण लावणं ही कामं वर्षानुवर्षं कोणीतरीच करत आलेला आहे आणि ती अजून झालेली नाहीत.

आता दाब. छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. खोली पाच ते सहा सेंटिमीटर. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. खोली ऐकताच सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या साहेबांनी फूटपट्टी मागवली. काकूंनी कोपर वाकवून दाबायला सुरुवात केली, तेव्हा बाई म्हणाल्या, "काकू, कणीक तिंबायची नाहीये!" रोज जिममध्ये जाऊन आरशात दंड बघणारा एक तरुण मिनिटभरातच घामाघूम होऊन बाजूला झाला. उलट रोज सकाळी डोंबिवली फास्टमध्ये शिरणाऱ्या दोन मुलींनी न थकता असा दाब दिला की बाहुलीच्या आतला योग्य खोलीचा दिवा विझेचना. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, कारण दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो. त्या मुली बदलायला तयार नव्हत्या. लोकलमध्ये जागा सोडायची सवय नाही, म्हणाल्या.

वेगावरून मोठाच वाद झाला. परदेशात यासाठी १९७७ सालचं 'स्टेइंग अलाइव्ह' हे गाणं मनात म्हणतात, कारण त्याची लय मिनिटाला साधारण १०३ आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिकांपैकी ते कुणी ऐकलेलं नव्हतं. गायन क्लास घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "लय तर लागणारच. विलंबित एकतालात केलं तर?" तबला वाजवणारे काका घाबरले. "अहो, एक आवर्तन पुरं व्हायला मिनिट लागतं. तुम्ही समेवर येईपर्यंत पेशंट जायचा!" मग द्रुताचा विचार झाला, पण त्यात छातीला वर यायला वेळ मिळणार नाही, असं बाईंनी सांगितलं. शेवटी मध्यलयीवर एकमत झालं. सोसायटीच्या इतिहासातलं ते पहिलं एकमत.

तोंडानं श्वास देण्याचा विषय निघाला तेव्हा सगळे छताकडे पाहू लागले. बाईंनी लगेच सुटका केली. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या पुढाकारानं निघालेल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कोसळलेल्या प्रौढाला सर्वसामान्य माणसानं फक्त छातीवर दाब दिला तरी चालतं. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर मात्र श्वासाची गरज असते, आणि जे ते शिकलेत त्यांनी तीस दाबांमागे दोन श्वास द्यावेत. हे ऐकून हॉलभर जो सुस्कारा सुटला, त्यानं एखादा रुग्ण सहज शुद्धीवर आला असता.

दुसरा संकोच अधिक खरा होता. "बाई कोसळली तर पुरुषानं छातीला हात लावायचा कसा?" एका गृहस्थांनी हळूच विचारलं. उत्तर आजींनी दिलं, त्याच पाय शोधणाऱ्या. "मेलेल्या बाईला अब्रू आणि जिवंत बाईला चहा, यातलं काय द्यायचं ते ठरव." डॉक्टरीणबाईंनी यावर काही जोडायची गरज नाही असं सांगितलं.

"बरगडी मोडली तर?" मोडू शकते. बरगडी जुळते. "पोलिसांचं लचांड लागलं तर?" शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या हाडीमांसी इतकी रुजली आहे की आपण अपघात बघून सिग्नल हिरवा झाल्याचा आनंद मानतो. पण सुप्रीम कोर्टानं २०१६ साली अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्या 'जीवनदूतां'साठीच्या संरक्षणाला बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता देण्याची, साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे कोर्टानं स्वतःच पायरी काढून घेतली आहे.

१०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. महाग पडतो तो पत्ता. आपला पत्ता आपण असा सांगतो: "पूर्वी जिथे पिठाची गिरणी होती ना, तिथून आत, मारुतीच्या देवळावरून डावीकडे, कुणालाही विचारा." गिरणी पाडून बारा वर्षं झालेली असतात आणि फोन घेणारी मुलगी दुसऱ्याच शहरात बसलेली असते. इमारतीचं नाव, रस्ता, चौक, जवळची ठळक खूण आणि रुग्णाची अवस्था, एवढं सांगून समोरची व्यक्ती सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. रुग्णवाहिका आली तरी प्रश्न संपत नाही. फाटकावर वॉचमन तिला थांबवतो, "कुणाकडे? एंट्री करा." मग दोन तिरप्या लावलेल्या स्कूटर, मग एक झाकलेली मोटार, जिचे मालक दर शनिवारी तिची फक्त धूळ पुसतात. मग लिफ्ट, ज्यात स्ट्रेचर मावत नाही. जीव वाचवण्याच्या शिक्षणात फाटक उघडं ठेवणं आणि खाली एक माणूस उभा करणं हेही येतं, असं बाई म्हणाल्या. वॉचमनला पुढच्या वेळी वर्गात बसवायचं ठरलं.

विजेचा झटका देणारं एईडी नावाचं छोटं यंत्रही पाहिलं. सिनेमात मॉनिटरवर रेष सरळ झाली की डॉक्टर झटका देतात आणि हिरो उठून आईला हाक मारतो. खरं यंत्र सरळ रेषेला झटका देतच नाही. हृदय विस्कळीतपणे थरथरत असेल तेव्हा देतं, आणि तसं आहे की नाही हे स्वतःच तपासून सूचना बोलून सांगतं. थरथर सुरू झाल्यावर झटक्याविना गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. यंत्र येईपर्यंत तो वेळ दाब देणारे हात राखून ठेवतात. यंत्र मराठीत बोलतं का, हा प्रश्न आला. बोललं नाही तर काय करायचं, यावर एक छोटं आंदोलन होता होता वडापाव आले.

व्हॉट्सअॅपवर फिरणारे दोन-तीन उपायही तिथेच निकालात निघाले. एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. खोकण्यात वेळ घालवू नका, फोन करा, दार उघडं ठेवा आणि बसा किंवा आडवे व्हा. अर्धांगवायूत बोटांना सुई टोचून रक्त काढा, हा दुसरा. टोचू नका. फिट आलेल्याला कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांतलं काहीही देऊ नका. दातांमध्ये चमचा तर मुळीच घालू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, झटके थांबल्यावर कुशीवर वळवा, घड्याळ बघा आणि पाच मिनिटांवर गेलं तर रुग्णवाहिका बोलवा. हे सांगताना बाईंनी मागच्या रांगेतल्या एका काकांकडे पाहिलं. हे मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर तेच पाठवत असत.

एक गोष्ट बाईंनी गोड न करता सांगितली. सीपीआर उत्तम केला तरी सगळे वाचत नाहीत. कोसळलेला माणूस दोन दाबांत डोळे उघडून "मी कुठे आहे?" असं विचारत नाही. पण काहीच केलं नाही तर निकाल जवळजवळ ठरलेला असतो, आणि चुकीच्या खोलीचा दाबही न दिलेल्या दाबापेक्षा बरा.

आणि एक साधी वस्तुस्थिती. हृदय अचानक थांबण्याचे बहुसंख्य प्रसंग रस्त्यावर, स्टेशनवर किंवा विमानतळावर नाही, तर घरात घडतात. म्हणजे तुम्ही शिकलेला दाब बहुधा तुमच्याच आईच्या, नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा ज्यांच्याशी तुमचं कपडे वाळत घालण्यावरून भांडण आहे त्या शेजाऱ्यांच्या छातीवर पडणार आहे. तेव्हा हा वर्ग समाजसेवा म्हणून करू नका, निखळ स्वार्थ म्हणून करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, गुडघे दुखतील, वडापाव मिळेल. फक्त एकट्यानं जाऊ नका, घरातल्या प्रत्येकाला ओढून न्या. कारण स्वतःची छाती स्वतःला दाबता येत नाही.